उमरेडच्या रानात बावीस दिवस

आमच्या सक्करदऱ्याच्या घरात मोरीच्या दाराला आतून कडी होती, पण ती लावायची मला मनाई होती. मी आंघोळीला गेले की आई बाहेर पाटावर बसून उगीच काहीतरी निवडत राहायची आणि मधूनमधून हाक द्यायची, "वासू, हाये नं वं?" मी आतून "हो" म्हणायचं. "हो" यायला जरा उशीर झाला की दार उघडलंच समजा. दहाव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत माझी एकही आंघोळ तीन-चारदा "हो" म्हटल्याशिवाय पार पडली नाही. गच्चीवर एकटीनं जायचं नाही, सायकल शिकायची नाही, स्टोव्हजवळ फिरकायचं नाही, मैत्रिणी तलावाच्या पाळीवर गेल्या तर आपण खिडकीतून पाहायचं. या सगळ्याचं कारण घरात कोणी उच्चारत नव्हतं. मला मिरगी होती. आज हे तीन शब्द मी सहज लिहिते. तेव्हा घरातल्या घरात त्याला "ते" म्हणत आणि बाहेरच्यांसाठी "तिला चक्कर येते, उपास सोसत नाही" असं ठरलेलं होतं. डॉक्टरांनी रोज रात्री एक गोळी सांगितली होती आणि असंही सांगितलं होतं की गोळी नेमानं घेतली तर मुलगी चारचौघींसारखं सगळं करेल. बाबांनी त्यातलं गोळीचं तेवढं ऐकलं.

बाबांची कळमन्याला फळांची आडत होती. पहाटे ते निघत आणि दुपारी घामानं भिजून परत येत तेव्हा त्यांच्या अंगाला तणसाचा आणि पिकलेल्या आंब्याचा वास असे. उन्हाळ्यात आमच्या घरात दिवसभर कुलरचा घरघर आवाज, त्यातून येणारा ओल्या वाळ्याचा गारवा आणि मागच्या अंगणात आईच्या शेवया. आजूबाजूच्या बायका जमत, खाटेवर पांढरं धोतर पसरलं जाई, आणि सरगुंडे, कुरड्या, मुगाच्या वड्या असं एकेक वाळत पडे. मी सावलीत बसून कावळे हाकलायचे. माझ्या वाट्याचं काम तेच. दहावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात मी असेच कावळे हाकलत होते, आणि आई घरात माझ्या जुन्या वह्या रद्दीत द्यायला काढत होती. एका वहीत तिला घडी घातलेला कागद सापडला. शाळेत वाटलेला होता. उमरेडच्या पुढच्या रानात मुलींसाठी बावीस दिवसांचं श्रमशिबिर, वय चौदा ते सतरा, नाल्यावर दगडी बांध घालायचे, पाणवठ्यातला गाळ काढायचा, माजलेली रायमुनियाची झुडपं तोडायची. मी तो कागद जपून ठेवला होता, दाखवला मात्र नव्हता. दाखवून काय होणार होतं?

आई सातवीपर्यंत शिकलेली. तिनं कागद दोनदा वाचला, पीठ लागलेले हात पदराला पुसले आणि मला विचारलं, "जायचं हाये तुले?" मला रडू आलं एवढं आठवतं. दोन दिवसांनी बाबा बाजारात असताना तिनं फॉर्म भरला, तिच्या त्या ठसठशीत, एकेक अक्षर कोरल्यासारख्या हस्ताक्षरात. "काही आजार आहे का?" या ओळीपुढे तिनं पेन बराच वेळ धरून ठेवलं आणि मग लिहिलं, "नाही." बाबांना सांगितलं की वासू तिच्या मामाकडे उमरेडला चार दिवस राहून येते. मामा खाणीत कामाला होता, त्याला बहिणीनं काय पढवलं ते तिलाच ठाऊक. एसटीत बसवताना आईनं गोळ्यांची डबी माझ्या पिशवीत तळाशी, कपड्यांच्या खाली घातली आणि म्हणाली, "रोज घेजो. कोणाले दिसू देऊ नको." तिनं एकाच दमात मला मोकळं केलं आणि बांधूनही ठेवलं. तिला दोष देत नाही. तिच्या जागी मी असते तर फॉर्म भरायचं धाडसही मला झालं नसतं.

शिबिर एका लहान गावातल्या शाळेत होतं. शाळेच्या मागं लगेच रान सुरू व्हायचं. आम्ही पंचवीस-तीस मुली, वर्गात सतरंज्या टाकून झोपायचो. पहाटे पाचला शिटी वाजायची. शिटी कुंदाताईंची. त्या व्यायाम शिकवणाऱ्या निवृत्त बाई होत्या, उंच, सावळ्या, नऊवारीचा काष्टा मारून पायात कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या, आणि शिबिराचं सगळं त्याच पाहत. ऊन तापायच्या आत कामाला जायचं, दहाला परत, मग जेवण आणि मोहाच्या झाडांखाली पडून राहणं, चारनंतर पुन्हा काम. नाल्याच्या पात्रात दगड विखुरलेले असत, ते हातोहात रांगेनं पुढं सरकवत आणायचे आणि एकावर एक असे बसवायचे की पावसाचं पाणी धावत सुटणार नाही, थबकून जमिनीत मुरेल. पहिल्या दिवशी माझ्या तळहातांना फोड आले. मी ते संध्याकाळी पुन्हापुन्हा उघडून पाहत होते. माझ्या हातांना आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी झालं होतं ज्याचं कारण मी सगळ्यांना सांगू शकत होते.

रांगेत माझ्या शेजारी रेखा असायची. ती उमरेडची, तिच्या घरी माग होते, आणि दिवसभर खटक-खटक ऐकून वाढल्यामुळे की काय, ती मोठ्यानं बोलायची. तिनं मला दगड कसा धरायचा ते शिकवलं, टेंभरं कुठली गोड लागतात ते दाखवलं, आणि माझ्या नागपुरीपणाची यथेच्छ थट्टा केली. "तुमच्या नागपुरात दगड नसतेत काय वं? असा काय धरून राहिली, जसं बाळ हाये!" जेवायला वरण-भात, आंबाडीची भाजी, कांदा, कधी झुणका आणि ज्वारीची भाकर. घरी मी अर्धी भाकर चिवडत बसायचे, इथं दोन संपवून तिसरीकडे बघायचे. भर दुपारी रान अगदी चिडीचूप होई, फक्त वाळलेली पानं आपोआप तडकल्यासारखी वाजत आणि लांब कुठंतरी कोतवाल पक्षी भांडत असे. आम्ही ओल्या ओढण्या तोंडावर घेऊन पडून असायचो. मला वाटायचं, हे मला मिळालं आहे आणि कोणाला अजून कळलेलं नाही.

आता चूक सांगते. रात्री वर्गात कंदिलाच्या उजेडात सगळ्या जवळजवळ झोपायच्या, आणि पिशवीच्या तळातून डबी काढून गोळी घेणं दिवसेंदिवस अवघड होऊ लागलं. एकदा रेखानं विचारलं, "काय खाऊन राहिली एकटी एकटी?" मी म्हटलं, "लिमलेटची गोळी." ती म्हणाली, "मग मले दे नं." मी संपली म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी गोळी घेतलीच नाही. काही झालं नाही. मग तिसऱ्या, चौथ्या दिवशीही नाही. इतकं अंग मोडून काम करते, इतकी भूक लागते, म्हणजे आपण आता बरे झालो असणार, असं माझ्या मनानं घेतलं. सोळाव्या वर्षी मन असंच घेतं. आज मी साठी ओलांडली आहे, माझी गोळी अजून चालू आहे, चहाच्या कपाशेजारी सगळ्यांच्या देखत ठेवलेली असते आणि नातवानं विचारलं की कशाची ते मी सांगते. पण तेव्हाच्या त्या मुलीवर मला राग येत नाही. तिला फक्त इतरांसारखं झोपायचं होतं.

पाचव्या सकाळी रांगेत असताना मला तो ओळखीचा वास आला, काहीतरी जळल्यासारखा, जो कोणालाच येत नसे. हातात दगड होता. तो मी रेखाकडे दिला की खाली टाकला, ते मला माहीत नाही. त्यापुढचं मी इतरांकडून ऐकलं.

डोळे उघडले तेव्हा मी मोहाखाली कुशीवर होते. डोकं जड, जीभ चावलेली, भुवईवर ओलं फडकं. आणि कपडे भिजलेले. ते कळलं त्या क्षणी मला वाटलं की जमीन दुभंगावी. या एका गोष्टीच्या भीतीनं आमचं घर सहा वर्षं दारं-खिडक्या लावून बसलं होतं, आणि ती गोष्ट भर उजेडात, तीस मुलींसमोर झाली होती. मी डोळे मिटून घेतले. मग हळूच पुन्हा उघडले, कारण फार शांत होतं. माझ्याभोवती मुली गोल करून उभ्या होत्या. सगळ्यांनी आपापल्या ओढण्या हातात ताणून धरल्या होत्या, एकीचं टोक दुसरीच्या हातात, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाला आतलं दिसू नये. आणि सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या. एकही वळून पाहत नव्हती. मला त्यांच्या वेण्या दिसत होत्या, घामानं भिजलेल्या पाठी दिसत होत्या, आणि रेखाचे धुळीनं माखलेले अनवाणी पाय दिसत होते, कारण तिच्या चपला धावपळीत नाल्यातच राहिल्या होत्या.

कुंदाताई माझ्याशेजारी मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मिरगी आहे का तुला?" त्यांनी विचारलं. सर्दी आहे का, असं विचारावं तसं विचारलं. तो शब्द कोणी माझ्याशी बोलताना उच्चारलेला मी प्रथमच ऐकला. मी "हो" म्हटलं आणि रडायला लागले, आणि रडता रडता मला जाणवलं की छातीवरचं काहीतरी खाली उतरून राहिलं आहे. लपवायचं आता काही उरलंच नव्हतं.

"गोळी?"

"तीन दिवसांपासून घेतली नाही."

"फॉर्मवर तर काहीच नाही लिहिलेलं."

त्या म्हणाल्या, "याचा मात्र मला राग आलाय, वासंती. मला ठाऊक असतं तर मी तुला दगडांच्या उतारावर उभी केली नसती. सपाटीवर उभी केली असती. घरी पाठवलं नसतं." मग त्यांनी मुलींकडे न पाहता हाक दिली, "हिचे कोरडे कपडे आणा गं कोणीतरी."

त्या दिवशी मी शाळेतच पडून होते. दुपारी रेखा माझ्याजवळ येऊन बसली आणि काही वेळ नुसती आपल्या पायाची बोटं मोडत राहिली. मग म्हणाली, "मले वाटलं तू मेली. मी तुह्या तोंडात चमचा घालून राहिली होती, तं ताईनं असा हाणला माह्या हातावर! म्हणे, तोंडात काही घालाचं नाही, कुशीवर वळवाचं." थांबून तिनं विचारलं, "काहून सांगितलं नाही वं?"

"सांगितलं असतं तं तू बसली असती माह्याजवळ?"

"माह्या काकाले येते नं मिरगी," रेखा म्हणाली. "रोज गोळी खाते, दिवसभर माग चालवते. त्याच्यासारखी किनार उमरेडात कोणाले जमत नाही." आणि मग अगदी मनापासून चिडून, "लिमलेट म्हणे!"

कुंदाताईंनी फॉर्मवरच्या पत्त्यावर मामाला निरोप धाडला होता. मामा घाबरला आणि त्यानं खाणीतल्या फोनवरून थेट बाबांच्या शेजारच्या आडतीत फोन केला. म्हणजे बाबांना एका फोनमध्ये तीन गोष्टी कळल्या: मुलगी मामाकडे नाही, रानात दगड उचलते आहे, आणि तिला "ते" झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाताईंनी मला नीट निरखून पाहिलं, नाव-गाव विचारलं, चालून दाखवायला लावलं आणि विचारलं, "बसून राहतेस की येतेस?" मी येते म्हटलं. त्यांनी मला सपाटीवर, रेखाच्या शेजारी, हलक्या दगडांच्या रांगेत उभं केलं. आठच्या सुमारास पहिल्या एसटीनं बाबा आले. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, उन्हासाठी सदऱ्याच्या खिशात कांदा, डोळे लालबुंद. रस्त्यावरून त्यांनी मला पाहिलं ते भुवईवर पट्टी बांधून हातात दगड घेतलेली. ते धावत नाल्यात उतरले, माझ्या हातातला दगड काढून खाली टाकला आणि म्हणाले, "चाल. सामान घे." त्यांचा आवाज कापत होता. मी आजवर बाबांना घाबरत आले होते असं मला वाटत होतं. त्या क्षणी दिसलं की तेच घाबरलेले होते.

कुंदाताई पुढं आल्या, त्यांनी हुज्जत घातली नाही. परतीची गाडी बाराला आहे, तोवर सावलीत बसा, म्हणाल्या. बाबा मोहाखाली बसले. मी सामान बांधायला निघाले तर ताई म्हणाल्या, "बाराला वेळ आहे. तोवर रांग का मोडतेस?" मी बाबांकडे पाहिलं. ते दुपट्ट्यानं तोंड पुसत होते. मी परत रांगेत उभी राहिले.

बाबांना हातावर हात ठेवून बसायची सवयच नव्हती. जन्मभर पेट्या उचललेल्या माणसासमोर मुली दगड उचलत होत्या. अर्ध्या तासानं ते उठले, इकडेतिकडे फिरले, बांध कसा रचला आहे ते वाकून पाहिलं, एक डगडगणारा दगड नीट बसवला. आणि मग कोणी न सांगता माझ्या दुसऱ्या बाजूला रांगेत येऊन उभे राहिले. रेखाकडून दगड माझ्याकडे, माझ्याकडून बाबांकडे. प्रत्येक दगड घेताना ते माझ्या तोंडाकडे पाहत. पंधरा-वीस दगडांनंतर ते नुसतं दगडाकडे पाहू लागले. एकदा रेखा ओरडली, "काका, असा नाही न गा, पोटाजवळ धरून घ्या, नाहीतं पाठ भरते!" आणि कळमन्यात ज्यांच्या शब्दावर हमाल चालत ते माझे बाबा निमूटपणे दगड पोटाजवळ धरू लागले.

जेवताना ते कुंदाताईंच्या समोर बसले होते. बराच वेळ भात कालवत राहिले आणि मग म्हणाले, "बाई, तिले पुन्हा आली तं?"

"येईलही," ताई म्हणाल्या. "ती पडेल, आम्ही कुशीवर वळवू, घड्याळ पाहू, ती उठेल. जास्त वेळ चाललं तर वनखात्याची जीप आहे, उमरेडला दवाखाना आहे. गोळी घेतली तर बहुधा येणारच नाही."

"आन् लोकं?"

ताईंनी पंगतीकडे हात केला. "लोक हे बसलेत. विचारा त्यांना."

बाबांनी कोणाला काही विचारलं नाही. मुली जेवत होत्या, आंबाडीच्या भाजीवरून भांडत होत्या. रेखानं माझ्या ताटातला कांदा विचारल्याशिवाय उचलून खाल्ला. बाबा ते पाहत राहिले.

बाराची गाडी शाळेसमोर येऊन थांबली तेव्हा माझी पिशवी बांधून तयार होती. कंडक्टरनं दार उघडलं. बाबांनी खिशात हात घातला आणि गोळ्यांची नवीन पट्टी काढली. आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवली असावी. ती त्यांनी कुंदाताईंपुढे धरली. "रोज रात्री जेवल्यावर एक. तुमच्याजवळ ठेवता नं?"

"तिच्याजवळच द्या," ताई म्हणाल्या.

गाडी घुरघुरत होती. बाबांनी वळून पट्टी माझ्या हातात ठेवली, माझी बोटं तिच्यावर मिटवली आणि म्हणाले, "सगळ्यांच्या समोर घेजो." आणि ते एकटेच गाडीत चढले.

उरलेले दिवस मी तिथंच होते. पुन्हा काही झालं नाही. आम्ही तो बांध पुरा केला, मग त्याच्या वरच्या अंगाला आणखी एक घातला. घरी गेले तेव्हा मला एकच धास्ती होती, बाबा आईला किती बोलले असतील याची. आई अंगणात वड्या वाळवत बसली होती. ती हसली, मला जवळ बसवून घेतलं आणि सांगू लागली. मला भेटून आले त्या दिवशी बाबा तिच्यावर ओरडले नाहीत. ते घरी आलेच मुळी संध्याकाळी, आणि ती तोवर देवासमोर बसून होती, कारण गाडी तर तीनच्या आत सक्करदऱ्याला येते. मला मिरगी सुरू झाल्यापासून बाबा रात्री कधी सलग झोपले नव्हते. मी कूस बदलली तरी उठून बसत, हे आईनं मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. त्या दुपारी गाडीत बसल्याबरोबर त्यांना झोप लागली. उमरेड गेलं, दिघोरी गेली, सक्करदरा गेला, गाडी शेवटच्या स्टँडवर जाऊन रिकामी झाली, तरी ते खिडकीला डोकं टेकून झोपलेले. शेवटी कंडक्टरनं हलवून उठवलं. "कुठून येऊन राहिले गा इतके थकून?" त्यानं विचारलं.

बाबा म्हणाले, "पोरीले कामावर पोचवून आलो."